दोन शस्त्रक्रियांच्या मधला वेळ

शस्त्रक्रियेचा इतिहास आजवर शस्त्र हाती असणाऱ्यांनीच लिहिला आहे. भूल देऊन पहिली गाठ कोणी काढली, पहिले हृदय कोणी बदलले, कोणता सर्जन किती मिनिटांत पाय कापीत असे, हे सारे त्यात सापडते. एक रुग्ण टेबलावरून उतरतो आणि दुसरा त्याच टेबलावर चढतो. या दोहोंमध्ये जो वेळ जातो, त्याचा इतिहास मात्र लिहिला जात नाही. त्या वेळात काही घडतच नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पहिल्या माणसाचे रक्त दुसऱ्या माणसाच्या जखमेपर्यंत पोहोचू नये याची सारी व्यवस्था याच वेळात होते. आणि ही व्यवस्था करणारे हात कोणाचे, हा प्रश्न या देशात केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. तो वर्णव्यवस्थेचा प्रश्न होतो. प्रस्तुत लेखात या वेळेचा माग वऱ्हाडाच्या अंगाने काढण्याचा प्रयत्न आहे.

वऱ्हाडातल्या दवाखान्यांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला लोक आजही ‘इर्विन’ म्हणतात. १९२६ ते १९३१ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड आयर्विनचे ते नाव. तेथील बायकांचा दवाखाना म्हणजे ‘डफरीन’. व्हाइसरॉय डफरीनच्या पत्नीने हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून १८८५ साली जो निधी उभारला, त्याची ती आठवण. अकोल्यातला बायकांचा दवाखाना ‘लेडी हार्डिंग’. हेही एका व्हाइसरॉयच्या पत्नीचेच नाव. मेळघाटातली कोरकू बाई अडली आणि तिला धारणीहून खाली अमरावतीला आणले, तर तिच्या कागदावर शासनाने दिलेले लांबलचक नाव असते. पण तिच्याबरोबर आलेली माणसे एस.टी.तून उतरल्यावर ‘डफरीन’चाच रस्ता विचारतात. साहेब गेले, मडमा गेल्या, राज्य गेले. नावे लोकांच्या जिभेवर राहिली. या इमारतींच्या फरशा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुसल्या त्यांचे नाव मात्र कोनशिलेवर कोरण्याची रीत आपल्याकडे नाही.

ही माणसे कोण होती? नगरपालिका उभ्या राहिल्या तसतशी मैला वाहण्यासाठी मेहतर-वाल्मीकी समाजाची कुटुंबे उत्तरेकडून शहरांत आणली गेली. गावकीच्या कामाला विटलेले महार, मांग गाव सोडून शहरात आले. दवाखान्याचे दार त्यांना उघडले ते हमाल, आया, वॉर्डबॉय, सफाईवाला या नावांनी. आधी गावाने त्यांच्याकडे मेलेले ढोर सोपवले होते, आता शहराने रक्ताची बादली सोपवली. फरक एवढाच, की बादलीला महिन्याचा पगार होता. हा फरक लहान नाही आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

ज्यांनी थेटर आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी या वेळेचे काम क्रमाने सांगितले पाहिजे. पहिला रुग्ण स्ट्रेचरवरून बाहेर जातो. सिस्टर वापरलेली हत्यारे वेगळी करते. गॉजच्या तुकड्यांची मोजणी पोट शिवण्यापूर्वीच झालेली असते, कारण एक तुकडा आत राहिला तरी माणूस जिवानिशी जाऊ शकतो. मावशी रक्ताळलेल्या चादरी गोळा करते. मामा टेबलाखालची बादली उचलतो. तिच्यात रक्त असते, पू असतो, कधी कापलेला अवयव असतो. तो पिवळ्या पिशवीत घालून बाहेर न्यायचा असतो. पोटातले पाणी ओढणाऱ्या यंत्राची बाटली रिकामी करायची असते. फरशीवर सांडलेले रक्त नुसते पुसून चालत नाही. त्यावर जंतुनाशकाचे पाणी टाकून काही मिनिटे थांबावे लागते, मगच ते पुसायचे. टेबल, त्यावरची गादी, वरच्या दिव्याची मूठ, सलाइनचा स्टँड हे सारे पुसायचे, आणि तेही स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, वरून खाली. उलट दिशेने फडके फिरले तर पुसले म्हणजे पसरवले असा अर्थ होतो. हत्यारे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये जातात. तेथे दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला ठरलेली मिनिटे ती ठेवावीच लागतात. मग नव्या चादरींचा, नव्या हत्यारांचा ड्रम येतो आणि बाहेर स्ट्रेचरवर वाट पाहणाऱ्या दुसऱ्या रुग्णाला हाक जाते.

आता याच मिनिटांत दुसऱ्या बाजूला काय चालते ते पाहा. सर्जन झगा उतरवतो, कागदावर टिपण लिहितो, चहा घेतो. भूल देणारा डॉक्टर पुढच्या रुग्णाची तयारी करतो. चार तास उभ्या राहिलेल्या माणसाच्या विश्रांतीबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. थकलेल्या हातात सुरी देणे रुग्णाच्याच मुळावर येते. परंतु येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की एकाची विश्रांती तीच दुसऱ्याच्या कामाची वेळ असते. पुढची शस्त्रक्रिया सुरू झाली म्हणजे मामा आणि मावशी जिन्यावर टेकतात. पण तीही विश्रांती नसते, कारण आतून हाक आली की उठायचे असते. थेटरात चहाच्याही जागा ठरलेल्या असतात. डॉक्टरांची खोली वेगळी, सिस्टरांची वेगळी, आणि उरलेल्यांचा जिना. ‘मामा’ आणि ‘मावशी’ या शब्दांत गोडवा आहे खरा. पण नात्याचा शब्द वापरला की नाव विचारावे लागत नाही, हीदेखील त्या शब्दांची एक सोय आहे. वीस वर्षे एका थेटरात काम केलेल्या मावशीचे पूर्ण नाव तेथल्या किती डॉक्टरांना सांगता येईल? जातिव्यवस्था कामे वाटते त्यापेक्षा काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून कप्प्यांत बसवते, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात दाखवून दिले. थेटराने तर वेळेचेही कप्पे पाडले आहेत.

येथे अमरावतीच्याच इतिहासातला एक प्रसंग आठवणे अपरिहार्य आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिर-प्रवेशाचा. देवीच्या गाभाऱ्यात अस्पृश्याचे पाऊल पडले तर गाभारा विटाळतो, असे मंदिराच्या बाजूचे म्हणणे. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला. म्हणजे ज्या काळात या माणसांना पाण्याला हात लावण्याची आणि देवळाची पायरी चढण्याची मनाई होती, त्याच काळात दवाखान्यांच्या सर्वांत जपल्या जाणाऱ्या खोलीत त्यांना बोलावून नेले जात होते. थेटर हाही एक गाभाराच आहे. तेथेही पायताण बाहेर काढावे लागते, सोवळे नेसावे लागते, हात धुवावे लागतात, वाटेल त्याला आत सोडत नाहीत. मग या गाभाऱ्यात अस्पृश्य कसा चालला? कारण तेथली घाण काढायला दुसरे कोणी तयार नव्हते. देवळाच्या गाभाऱ्यात त्याच्यावाचून अडत नव्हते. येथे अडत होते. त्या परिषदेला आता शतक होत आले. आज अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे आणि चौदा एप्रिलला सारा जिल्हा तेथे लोटतो. व्हाइसरॉयच्या नावाच्या चौकात हे घडते, ही इतिहासानेच केलेली दुरुस्ती होय.

शुद्धीच्या दोन कल्पना या खोलीत समोरासमोर येतात. एक शुद्धी जन्मावर ठरते, दुसरी जंतूंवर. पहिलीत माणूस विटाळतो आणि दुसरीत फक्त वस्तू मळते. पहिलीतला विटाळ धुऊन जात नाही, दुसरीतला मळ साबणाने जातो. मौजेची बाब अशी, की जन्माच्या शुद्धीने एके काळी खुद्द वैद्यालाही दूर ठेवले होते. मनुस्मृतीने श्राद्धाला न बोलावण्याच्या माणसांत वैद्याची गणना केली आहे आणि त्याचे अन्न अशुद्ध मानले आहे. कारण तो रक्त-पुवाला हात लावतो. सुश्रुताने प्रेत पाण्यात भिजवून त्याचे थर तपासावेत असे सांगितले, पण पुढच्या काळात उच्चवर्णीय वैद्यकीने प्रेतापासून हात आखडता घेतला. शस्त्राचे काम न्हाव्याकडे गेले, बाळंतपण खालच्या मानलेल्या जातींतल्या सुईणींकडे गेले. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्तांनी प्रेताची चिरफाड केली तेव्हा शिक्षित हिंदूने एक मोठा उंबरठा ओलांडला असे मानले गेले. येथून पुढे इंग्रजी पदवीने डॉक्टराचा विटाळ धुतला. तो प्रतिष्ठित झाला. परंतु विटाळाची कल्पना मात्र नष्ट झाली नाही. ती डॉक्टराच्या हातावरून उतरून बादली उचलणाऱ्याच्या हातावर जाऊन बसली. शवविच्छेदनगृहात जाऊन पाहावे. तेथे अनेक ठिकाणी प्रत्यक्ष चिरण्याचे काम सफाई कामगाराच्या हातून होते आणि डॉक्टर अहवाल लिहितो. जिवंत देहावर सुरी चालवणे ही विद्या ठरते, मेलेल्या देहावर चालवणे ही चाकरी ठरते. हत्यार एकच, देह तोच. प्रतिष्ठा तेवढी बदलते.

आणि शिकलेल्या डॉक्टराने तरी पहिली शुद्धी सोडली होती काय? काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र डिसेंबर १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आले होते, बाबासाहेबांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्याचा समावेश केला आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या मिनतवारीने तो आला, तेव्हा बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टराने दुरूनच निदान केले. ती बाई मेली. काचेच्या नळीवरचा जंतू या डॉक्टराला स्पिरिटने मारता आला असता; परंतु त्याला भीती जंतूची नव्हती.

आता युरोपकडे वळू, कारण निर्जंतुक थेटराची कल्पना तेथून आली. ती कोठून आली हे नीट पाहिले, तर आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी गंमत हाती लागते. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टराच्या लक्षात आले, की डॉक्टर व विद्यार्थी ज्या विभागात बाळंतपणे करतात तेथे बाया तापाने मरतात, आणि सुईणी ज्या विभागात बाळंतपणे करतात तेथे त्या मानाने फार कमी मरतात. डॉक्टर प्रेते चिरून तसेच बाळंतिणींकडे येत होते. सुईणी प्रेतगृहात जात नव्हत्या. त्याने हात धुवायला लावले ते क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने. हा चुना तेव्हा दुर्गंधी घालवण्यासाठी वापरीत. आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो, जी सफाईवाला गटाराच्या कडेने टाकत जातो, ती हीच. पुढे ग्लासगोत जोसेफ लिस्टर या सर्जनच्या कानावर आले, की कार्लाइल गावात गटाराच्या मैल्यावर कार्बोलिक आम्ल टाकतात आणि त्याने दुर्गंधी थांबते, सडणे थांबते. पाश्चरचे सूक्ष्म जीवांवरचे काम त्याने वाचलेले होते. १८६५ च्या ऑगस्टमध्ये गाडीचे चाक पायावरून जाऊन हाड बाहेर आलेल्या एका मुलाच्या जखमेवर त्याने ते आम्ल वापरले. पाय कापावा लागला नाही, मुलगा बरा झाला. १८६७ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेचे नवे युग सुरू झाले असे इतिहासकार लिहितात.

याचा सरळ अर्थ असा, की आधुनिक शस्त्रक्रियेची दोन्ही मूळ औषधे गटारावरून आली. सडणे कसे थांबवायचे हे ज्ञान आधी मैला हाताळणाऱ्यांच्या जगात होते. तेथून ते सर्जनच्या जगात गेले. लिस्टरपूर्वी रक्ताने कडक झालेला कोट हा सर्जनला भूषण वाटत असे आणि टेबलाखाली रक्त शोषायला भुसा पसरलेला असे. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये धुण्यासारखे काही आहे असे त्याला वाटतच नव्हते. रुग्ण सुरीने मरत नव्हता, आधीच्या रुग्णाच्या पुवाने मरत होता. मधल्या वेळेला काम मिळाले आणि मगच माणसे शस्त्रक्रियेनंतर जगू लागली. तेव्हा शस्त्रक्रियेच्या यशात सुरीइतकाच वाटा फडक्याचा आहे असे म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती नाही.

रबरी हातमोज्यांची कथाही अशीच. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॅल्स्टेड या सर्जनच्या थेटरातल्या नर्सचे, कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे, हात पारायुक्त जंतुनाशकाने फुटू लागले. तिच्यासाठी त्याने पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. रुग्णाला त्यांचा फायदा होतो हे नंतर कळले. म्हणजे थेटरातला हातमोजा जन्माला आला तो काम करणाऱ्या बाईचे हात वाचवण्यासाठी. आज तोच हातमोजा सर्जन एका शस्त्रक्रियेला एक याप्रमाणे वापरून फेकतो. फिनेलच्या पाण्यात दिवसभर हात घालणाऱ्या मावशीला जाड हातमोजे वेळेवर मिळतात काय? तिच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पाहिली, की उत्तर मिळते. टोचलेल्या सुईपासून कावीळ आणि एड्स यांचे विषाणू अंगात जाऊ शकतात, आणि सुया सर्वांत शेवटी ज्या हातांत येतात ते हात कचरा उचलणाऱ्याचे असतात. १९९८ आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत रंगीत पिशव्या आल्या, कामगाराला लस व संरक्षण-साधने देण्याची तरतूद आली. पिशव्यांचा रंग तेवढा सर्वत्र पोहोचला.

वेळ मोजण्याची विद्याही थेटरात शिरली. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ हा मूळचा गवंडीकाम शिकलेला माणूस. विटा रचणाऱ्याच्या हालचाली मोजता मोजता १९१० नंतरच्या दशकात तो सर्जनच्या हालचाली मोजू लागला. शस्त्रक्रियांचे चित्रपट घेऊन त्याने दाखवले, की सर्जनचा बराच वेळ हत्यार शोधण्यात जातो, तेव्हा नर्सने ते हातात द्यावे. सुधारणा चांगलीच होती. पण त्या दिवसापासून घड्याळ कोणाच्या बाजूने लावले गेले हेही स्पष्ट झाले. आज मोठ्या इस्पितळांत एक रुग्ण बाहेर पडल्यापासून दुसरा आत येईपर्यंतची मिनिटे मोजतात. हा आकडा कमी झाला की व्यवस्थापन खूष. सर्जनची सुरी चालते तो वेळ ‘कामाचा’, आणि त्यामधला वेळ ‘वाया गेलेला’. म्हणजे ज्याचे सारे काम याच वेळेत आहे त्याचे काम हिशेबाच्या वहीत विलंब म्हणून लिहिले जाते. श्रमाचे मोल नाकारण्याच्या अनेक तऱ्हा या देशाने पाहिल्या. श्रमालाच नासाडी म्हणण्याची ही तऱ्हा नव्या काळाची.

हा वेळ खाऊन टाकला तर काय होते, याचा दाखला आपल्या शेजारच्याच छत्तीसगडात आहे. परंतु त्याची पार्श्वभूमी जुनी आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. सक्ती गेली, शिबिरे राहिली. शाळेच्या खोलीत, आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बायांच्या रांगा लागू लागल्या. उद्दिष्ट शस्त्रक्रियांच्या संख्येचे असे. दोहोंमधल्या सफाईचे उद्दिष्ट कोणी कोणाला दिले नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूर जिल्ह्यातल्या अशाच एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर किमान तेरा स्त्रिया दगावल्या. सरकारने औषधांकडे बोट दाखवले, चौकशीला गेलेल्या अनेकांनी अस्वच्छतेकडे दाखवले. तो वाद बाजूला ठेवला तरी साधा हिशेब उरतो. दुर्बिणीने करायच्या या शस्त्रक्रियेत दुर्बीण दर वेळी सुमारे वीस मिनिटे जंतुनाशकात बुडवून ठेवावी लागते. म्हणूनच सरकारी नियमाने एका दिवशी तीन दुर्बिणींवर तीस शस्त्रक्रियांची मर्यादा घातली होती. ८३ वेळा वीस मिनिटे म्हणजे १६६० मिनिटे. तीन दुर्बिणी धरल्या तरी नऊ तासांहून अधिक वेळ नुसता त्या बुडवून ठेवण्यात गेला पाहिजे. तो वेळ त्या दिवशी कोठे होता? तो कोणी दिला नव्हता. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निर्णय देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. शिबिरांच्या रांगेत बसलेल्या बाया कोणत्या समाजांतल्या असत हे वाचकांना सांगावे लागू नये. ज्यांच्या हातांना या वेळेचे मोल मिळत नाही, त्यांच्याच बायाबापड्यांच्या देहावर तो वेळ वाचवला जातो.

या वेळेचे मोल कायद्याकडून मिळवण्याची एक लढाई मात्र आपल्या राज्यात लढली गेली आहे आणि ती दोन स्त्रियांच्या नोकरीवरून सुरू झाली. मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयांत वॉर्डमध्ये चाकरी करणाऱ्या या दोघींना १९५४ मध्ये कामावरून काढण्यात आले. दुसऱ्या खात्यातून कमी झालेल्या लोकांना जागा करून द्यायची होती. कायद्याप्रमाणे देय असलेली भरपाई त्यांना दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभेने दावा लावला. सरकारचे म्हणणे असे, की रुग्णालय हा उद्योगच नव्हे, ती सेवा आहे. तेव्हा औद्योगिक कायदा येथे लागत नाही. जानेवारी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई सरकारचे अपील फेटाळले आणि रुग्णालयातला कामगार हा कायद्याच्या दृष्टीने कामगारच आहे असे ठरवले. १९७० मध्ये त्याच न्यायालयाने हा निर्णय फिरवला आणि १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात पुन्हा उचलून धरला. ‘सेवा’ हा शब्द किती धारदार असतो ते या खटल्याने शिकवले. डॉक्टरने सेवा केली की त्याला मान मिळतो. वॉर्डातल्या बाईच्या कामाला सेवा म्हटले की तिची भरपाई बुडते. आणि १९६० ला जे मिळाले ते कंत्राटी पद्धतीने पुष्कळसे परत घेतले. कंत्राटदाराचा माणूस दर काही महिन्यांनी बदलतो. फडके कोणत्या दिशेने फिरवायचे हे त्याला शिकवून होते न होते तोच तो जातो. कायमच्या कामगाराची अनुभवाने आलेली विद्या रुग्णाचा जीव राखीत होती, हे कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते.

आता आपल्याच चळवळीला अडचणीचा वाटणारा प्रश्न. सफाई कामगारांच्या स्थितीविषयी या राज्यात आणि देशात समित्या काही कमी झाल्या नाहीत. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, केंद्राने १९५७ मध्ये मलकानी समिती नेमली. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरीचा हक्क मिळाला आणि फेब्रुवारी २०२३ च्या शासननिर्णयाने तो नव्याने मांडला. या हक्काने हजारो घरे तगली. थेटरात बादली उचलणाऱ्याच्या पगारावर मुले शिकली, वसतिगृहात राहिली, मास्तर झाली, वकील झाली, लिहूही लागली. दलित साहित्याच्या पहिल्या पिढीच्या मागे कितीतरी अशा पगारांचा आधार आहे. म्हणून या नोकरीची नुसती निंदा करणे हे कृतघ्नपणाचे होईल. पण वारसा कशाचा, हेही विचारले पाहिजे. सर्जनचा मुलगा सर्जन व्हायचा तर त्याला परीक्षा द्यावी लागते. झाडूवाल्याच्या मुलाला झाडू जन्मानेच मिळतो. जे मनूने सांगितले तेच शासननिर्णयाने हक्क म्हणून दिले. सुटकेची वाट म्हणून धरलेले दार पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले, तर त्याला दार म्हणावे की भिंत? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झाले आणि वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यांतून माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. ते काम सोडण्याची किंमत त्यांनी उपासमारीने मोजली. दवाखान्यातले काम सोडा असे आज कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. कारण ढोर न ओढल्याने माणूस मरत नव्हता, थेटर न धुतल्याने मरतो. म्हणूनच येथे लढाई काम सोडण्याची असू शकत नाही. ते काम जातीच्या हातून सोडवून विद्येच्या हाती देण्याची ती लढाई आहे.

वऱ्हाडाने झाडूला मान देणारा एक थोर माणूस दिला. गाडगेबाबा शेंडगावचे, परीट समाजातले. १८७६ चा जन्म. २० डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. ज्या गावात कीर्तन करायचे तेथले रस्ते ते आधी स्वतः झाडीत. देवळाकडे न वळता त्यांनी धर्मशाळा बांधल्या; दवाखान्यात आलेल्या गरिबांच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा मिळावी ही त्यामागची दृष्टी. त्यांच्या नावाने पुढे स्वच्छतेची सरकारी अभियाने निघाली, पुढाऱ्यांनी हातात झाडू घेऊन छायाचित्रे काढून घेतली. बाबांचा झाडू सर्वांच्या हातात यावा अशी त्यांची इच्छा होती. झाडू छायाचित्रापुरता सर्वांच्या हातात आला. रोजचा झाडू होता तेथेच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी तपासायच्या गोष्टींची एक यादी तयार केली. नवी दिल्लीसह आठ शहरांत तिची चाचणी झाली आणि मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. या यादीत एक साधी गोष्ट आहे. सुरी लावण्यापूर्वी थेटरातल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. ज्याचे नाव माहीत आहे त्याला चूक दाखवायला धीर येतो, असा त्यामागचा अनुभव. परंतु ही नावे घेतली जातात तेव्हा खोली पुसणारा दाराबाहेर गेलेला असतो. ज्याच्या कामावर पहिल्या क्षणाची सुरक्षितता उभी आहे, त्याचेच नाव त्या यादीत येत नाही.

मागणी म्हणून मांडायची तर ती फार मोठी नाही. अमरावती असो वा अकोला, प्रत्येक थेटराच्या दारावर शस्त्रक्रियांची यादी लागते. तिच्यात प्रत्येक दोन रुग्णांच्या मध्ये एक ओळ असावी. खोली कोणी धुतली त्याचे पूर्ण नाव, किती वाजता सुरू केली, किती वाजता संपवली. या कामाचे रीतसर शिक्षण असावे, त्याची परीक्षा असावी, ते कोणत्याही जातीच्या मुलाला घेता यावे आणि ते घेतलेल्याला कायमची नोकरी असावी. आणि त्या ओळीवर सही होईपर्यंत पुढचा रुग्ण आत येऊ नये. बाहेर कितीही घाई असली, आत कोणीही मोठा सर्जन उभा असला, तरी “थेटर अजून तयार नाही” असे म्हणण्याचा अधिकार त्या मावशीला असला पाहिजे, आणि ती तसे म्हणाली की सर्जनने थांबले पाहिजे.